सहा वर्षांच्या मुलाला हेल्मेट : मान, माप आणि सासरे

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

लेक सहा वर्षांचा, पहिलीत. घर वडगावला, शाळा चार किलोमीटरवर. आजवर तो स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत उभा राहायचा, आरशाच्या दांड्या धरून. गेल्या मंगळवारी राजाराम पुलाजवळ पुढच्या रिक्षाने एकदम ब्रेक मारला, मीही मारला. वेग काहीच नव्हता. पण त्याची हनुवटी स्पीडोमीटरवर आपटली. ओठ फाटला, दुधाचा एक दात हलायला लागला. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर रक्त बघून मला स्कूटर स्टँडला लावणंसुद्धा सुचेना, मागच्या एका काकांनी धरली.

आता नवरा म्हणतो, मागे बसव आणि हेल्मेट घाल. सासरे म्हणतात, "एवढ्याशा पोराच्या मानेवर दगड ठेवणार का?" दुपारी तेच त्याला आणतात, त्यांच्या स्कूटरवर.

तर प्रश्न असे. मुलांसाठी कायदा नक्की काय आहे? मानेचं खरं किती? आणि एवढ्या डोक्याला बसणारं, चांगलं हेल्मेट मिळतं का? गल्लीतल्या दुकानदाराने मला कार्टूनवालं एक टोपडं दाखवलं, ते मी हाताने दाबलं तर आत गेलं.

कृपया पुण्याच्या हेल्मेटसक्तीचे जुने वाद इथे नकोत.

तिरकस_पुणेकर
मांजरापुढे बोंबील ठेवायचा आणि वास घेऊ नकोस म्हणायचं. बसलोय शेंगदाणे घेऊन.

कायदेभीरू
बाळाचा दात कसा आहे आता?

कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट लिहिलंय की चार वर्षांवरची प्रत्येक व्यक्ती, चालवणारी असो की मागे बसलेली, हेल्मेट घालेल आणि ते केंद्राने ठरवलेल्या मानकाचं, म्हणजे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाचं असेल. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे, बाकी कुणाला नाही. म्हणजे तुमच्या लेकाला दोन वर्षांपासून ते लागू आहे. नुसतं डोक्यावर ठेवून भागत नाही, पट्टा लावलेला हवा, हेही त्याच कलमात आहे. दंड कलम १९४ ड खाली हजार रुपये, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं.

चार वर्षांखालच्यांसाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ ला वेगळा नियम काढला, तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल मागे असेल तर त्याच्या अंगात जाकिटासारखा हार्नेस हवा, त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यात अडकवायचे. हा हार्नेस ३० किलोपर्यंत वजन पेलणारा हवा. डोक्यावर हेल्मेट आणि गाडी ताशी ४० च्या आत.

तिरकस_पुणेकर
ताशी ४०? सिंहगड रोडवर? तो नियम आम्ही मूल नसतानाही पाळतो, इच्छा नसतानाही.

वऱ्हाडी_ठेचा
कायदेभीरू भाऊ, कागदावर सगळं झकास हाय. आमच्या अकोल्यात मी आजवर एकही लेकरू हार्नेसमंदी पायलं नाही. पोलीसदादा मायबापाले पकडते, लेकराकडं पाहून हसते अन् गाल ओढते. झालं.

अण्णा_गॅरेजवाले
ताई, ते टोपडं घेऊ नका. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याकडेला ढीग लागलेला असतो. मी इचलकरंजीत गॅरेज चालवतो, बाजूला हेल्मेटं पण ठेवतो, म्हणून धंद्यातलं सांगतो.

आयएसआयचा शिक्का नुसता बघू नका, स्टिकर कुणीपण छापतंय. शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं पाहिजे, ते दुचाकीच्या हेल्मेटचं मानक. खाली सीएम/एल आणि पुढे नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात तो नंबर टाकायचा. कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे का, सगळं येतं. माझ्या दुकानात एकदा एका कॉलेजच्या पोरीनं उभ्याउभ्या तपासलं. त्या दिवशी एका डीलरचा पूर्ण खोका मी परत पाठवला.

आणि आतला थर्मोकोल बघा. बोट दाबलं की खड्डा पडतो तो पॅकिंगचा थर्मोकोल. चांगला असतो तो कडक, दाट असतो. हेल्मेटात खरं काम तोच करतो, वरचं कवच फक्त मार पसरवतं. मार बसला की थर्मोकोल चेपतो, तेवढ्यात डोकं थांबायला वेळ मिळतो. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बाद.

शेवटचा_बाक
अण्णा, माझं हेल्मेट तिसऱ्या मजल्यावरून पडलंय आणि त्याला ओरखडासुद्धा नाही. अभिमानाने वापरतोय.

अण्णा_गॅरेजवाले
@शेवटचा_बाक, ते आता कुंडी म्हणून वापरा. तुळस छान येईल.

सिस्टर_नाईटशिफ्ट
मी एका मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात नर्स आहे, चौदा वर्षं झाली. नाव-गाव सांगत नाही.

मानेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आमच्याकडे येणारी प्रत्येक आजी विचारते. सासऱ्यांची शंका मूर्खपणाची नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मानेचे स्नायू कच्चे. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाला मी स्वतः दुचाकीवर कधीच नेणार नाही, नियम नऊ महिने म्हणत असला तरी. आणि मोठ्या माणसाचं दीड किलोचं, आत डोकं फिरणारं हेल्मेट सहा वर्षांच्या मुलाला घातलं तर मान दुखणारच. तो दोष चुकीच्या मापाचा.

पण डोकं मोठं म्हणजे मूल पडताना डोकं आधी खाली जातं, हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक आहे. ते कुणी बघत नाही. आमच्याकडे येणारी मुलं भरधाव गाडीवरची असतात असं नाही. उभ्या स्कूटरवरून घसरलेली, गतिरोधकावर उडालेली, आईच्या मागे झोप लागून कलंडलेली. आई-बाबा सांगतात, "अहो, वेग नव्हताच." फाईलमध्ये तेच वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय.

एक सांगायचं राहिलं. पुढे उभं करणं पूर्ण बंद करा. ब्रेक मारला की मूल आणि हँडल यांच्या मध्ये काहीच नसतं, आणि मागून तुमचं वजन त्याच्यावर येतं. दातावर निभावलं.

मुठाकाठची
सिस्टर, "वेग नव्हताच" हे मीही वर लिहिलंय. आत्ता परत वाचलं.

थर्मोकोल
(अण्णा, माझा आयडी तुमच्या प्रतिसादाच्या आधीचा आहे, योगायोग.)

सिस्टरच्या मुद्द्याला थोडं गणित. उभ्या स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून अंदाजे सव्वा मीटर. तिथून सरळ खाली पडलं तर जमिनीला लागताना वेग ताशी १७-१८ किलोमीटर भरतो. यात गाडीचा वेग शून्य धरलाय. म्हणजे सिग्नलला थांबलेल्या गाडीवरून पडणं हे डोक्याच्या दृष्टीने पळत जाऊन भिंतीवर आपटण्यासारखं.

तिरकस_पुणेकर
बरं, शेंगदाणे संपले, आता बोलतो. माझा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. शहरात वीसच्या वेगाने जाणाऱ्याला आणि महामार्गावर ऐंशीने जाणाऱ्याला एकच नियम का? खड्डे बुजवा, बीआरटीचं, त्या बसच्या वेगळ्या मार्गाचं, काय ते ठरवा, मग आमच्या डोक्याकडे बघा. जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरोधात आम्ही रस्त्यावर होतो, त्यात सत्तरीचे लोक होते. ऐकू येत नाही, मान वळत नाही, मणका दुखतो, ही त्यांची खरी गाऱ्हाणी होती. टिंगल सोपी असते.

मुठाकाठची
सासरेही होते तिथे. त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला फोटो घरात जपून ठेवलाय.

सिस्टर_नाईटशिफ्ट
@तिरकस_पुणेकर, वीसच्या वेगाचं उत्तर थर्मोकोल यांनी तुमच्या आधीच दिलंय. खड्डे बुजवा, याला माझा जोरदार पाठिंबा. पण खड्डा बुजेपर्यंत डोकं कुठे ठेवायचं?

कायदेभीरू
आकडे हवे असतील तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघा. त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसलेली ५०,०२९, त्यातली १४,३३७ मागे बसलेली. मागे बसणाऱ्याला आपण प्रवासी म्हणून मोजतच नाही. मुंबईत मागच्यालाही हेल्मेट हवं म्हणून जून २०२२ मध्ये कारवाई सुरू झाली तेव्हा लोक असे चिडले, जणू नवा कायदा आला. कायदा जुनाच.

गोंयकार_बाब
आमच्या गोंयांत पिवळ्या मडगार्डाचो पायलट (मोटरसायकल टॅक्सीवालो) मागच्याक हेल्मेट दिता, पूण त्यात आदल्या पाच गिऱ्हाईकांचो घाम आसता. मराठीत सांगतो : डोक्याला रुमाल बांधा आणि वर घाला. मुलांसाठी मात्र त्याच्याकडे काही नसतं. मी भाचीला पणजीहून म्हापशाला बसने नेतो.

ब्रिस्बेनकर
इथे क्वीन्सलँडमध्ये आठ वर्षांखालचं मूल मोटरसायकलवर मागे बसवताच येत नाही. आणि आठच्या वर असलं तरी पाय फूटरेस्टला पोचले पाहिजेत. ही पायांची अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण पाय टेकले की मूल स्वतःला सावरू शकतं. वय कागदावर असतं, पाय दिसतात.

भारतात आठ वर्षांची अट शक्य नाही हे मला कळतं. मीच लहानपणी मिरजेला बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून वाढलो.

हजेरीपट
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ब्रिस्बेनकर, आमच्याकडे नवरा, बायको आणि दोन लेकरं एका गाडीवर येतात. कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याबरोबर एकच माणूस. मग त्या बाईने काय करायचं? गावात सकाळची एसटी एकच, ती साडेसहाला जाते. शाळा साडेदहाची. चार हेल्मेटं म्हणजे त्यांची आठवड्याची मजुरी. मी हेल्मेटच्या विरोधात नाही, पण इथे कायद्याची कलमं वाचताना मला पोटात कसंतरी होतं.

कायदेभीरू
हजेरीपट, खरं आहे, मला याचं उत्तर माहीत नाही. केरळात जून २०२३ मध्ये रस्त्यावर एआय कॅमेरे लागले तेव्हा हाच गोंधळ झाला : आईबाप आणि मूल म्हणजे ट्रिपल सीट का? शेवटी तिथल्या सरकारने जाहीर केलं की तिसरा बारा वर्षांखालचा असेल तर तूर्त दंड करणार नाही. कॅमेऱ्याला गाल ओढता येत नाही ना, वऱ्हाडीभाऊ.

सायगावची_सून
नाव सायगावचं असलं तरी मी साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हिएतनाममध्ये सहा वर्षं काढली. १५ डिसेंबर २००७ ला तिथे सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि म्हणतात की एका दिवसात शहर बदललं. पण मुलं मात्र तशीच, उघड्या डोक्याची. आईच्या डोक्यावर हेल्मेट, बापाच्या डोक्यावर हेल्मेट, मधलं मूल बोडकं. कारण विचाराल तर अगदी सासरेबुवांचंच : मुलाची मान मोडेल. पुढे तिथे सहा वर्षांवरच्या मुलांसाठी दंडाचा नियम स्पष्ट करावा लागला. मी गेले तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं बेडकाच्या डोळ्यांची हिरवी हेल्मेटं घालून शाळेत जायची. मानेची भीती मराठी नाही, एवढंच सांगायचं होतं.

शेवटचा_बाक
माझा मुलगा सोळाचा आहे, त्याला गिअर नसलेली गाडी द्यायची का हा प्रश्न इथेच विचारला तर चालेल? सोळाला लायसन्स मिळतं ना?

कायदेभीरू
मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी, पालकांच्या संमतीने. आता दुकानात जाऊन ५० सीसीची पेट्रोल स्कूटर मागा, सेल्समन तुमच्याकडे पुरातत्त्व खात्याचा माणूस आल्यासारखं बघेल. लुना गेली आणि तो नियम पोरका झाला. रस्त्यावर दिसतात त्या ११० आणि १२५ सीसीच्या, त्यांना अठराच.

दिली आणि पकडला गेला तर कलम १९९ अ : पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अल्पवयीन चालकाच्या प्रकरणानंतर पुण्यात तरी हे कलम लोकांना पाठ झालंय. तिथे गाडी चारचाकी होती, गेलेली दोघं दुचाकीवर होती.

शेवटचा_बाक
मग त्या २५ च्या वेगाच्या बॅटरीवाल्या?

कायदेभीरू
२५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आत वेग असेल तर कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, त्यामुळे हेल्मेटचं बंधनही नाही. पण वायर तोडून वेग वाढवून देणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. वायर तोडली की ती मोटार वाहन होते आणि तुम्ही १९९ अ मध्ये.

अण्णा_गॅरेजवाले
माझ्याकडे आठवड्याला दोन पोरं येतात, "अण्णा, ती वायर". हाकलतो. शेजारचा करून देतो.

शेवटच्या बाकाला सांगतो, वेग पंचवीसचा असला तरी पोराला हेल्मेट घ्या. आणि साधी बकल नको, दोन कड्यांची घ्या, डबल डी म्हणतात. पोरं क्लिकवाली बकल लावायचा आळस करतात, मग पट्टा लोंबत ठेवतात. कड्यांची सवय लागली की हात आपोआप करतात.

थर्मोकोल
अवांतर : मी बाहेरून आणलेलं, युरोपच्या ईसीई मानकाचं महागडं हेल्मेट घालतो. चाचणी त्याची चांगली कडक. पण आयएसआय नाही, त्यामुळे माझ्या देशात मी हेल्मेट न घालणारा. चौकात पोलिसाने हेल्मेट उलटं करून शिक्का शोधला होता.

तिरकस_पुणेकर
यासाठी मोर्चा काढा, मी येतो.

सायगावची_सून
मूळ प्रश्न राहिलाच. ताई, माप घेतलंत का?

अण्णा_गॅरेजवाले
हो, ते मीच सांगायचं विसरलो. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून गोल. जो आकडा येईल तो सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. "थोडं मोठं घेऊ, पुढच्या वर्षी होईल" हे शर्टाला चालतं. दुकानात पट्टा लावा, मागून हेल्मेट धरून पुढे ढकला. निघून आलं तर नको. डावी-उजवीकडे हलवा, कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं.

आणि सायकलीचं हेल्मेट देऊ नका. चार वर्षांखालच्या नियमात ते चालतं, हलकं असतं म्हणून. सहाला दुचाकीचंच.

मुठाकाठची
सगळ्यांचे आभार, दोन रात्री धागा वाचतेय.

टेप लावली : ५१. तीन दुकानं फिरले. पहिल्याने "लहान मुलांचं कोण घेतं ताई" म्हणून मोठ्यांचं एक्स्ट्रा स्मॉल पुढे केलं, ते बादलीसारखं फिरलं. दुसरीकडे पुन्हा कार्टून. तिसरीकडे मिळालं, बाराशेला, निळं. नंबर ॲपमध्ये टाकला, लायसन्स चालू निघालं. दुकानदार म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही." मी म्हटलं, इचलकरंजीत बघतात.

आता तो मागे बसतो. दोन अडचणी आल्या. परत येताना त्याला झोप येते आणि हेल्मेट माझ्या पाठीत ठोकतं. हार्नेस त्याच्या वयाला बंधनकारक नाही हे कळलंय, पण मी मागवलाय. दुसरी म्हणजे शाळा हेल्मेट ठेवून घेत नाही, ते मीच घरी आणते. त्यामुळे दुपारी न्यायला जाताना सासऱ्यांनी ते बरोबर न्यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी नेलं, आरशाला अडकवून. आणलं तेही आरशालाच अडकवून. दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही, फक्त शाळेतला रक्ताचा शर्ट धुऊन दोरीवर त्यांच्या खिडकीसमोर वाळत घातला. डाग गेला नव्हता. काल लेक हेल्मेट घालून आला.

सासऱ्यांच्या डोक्यावर अर्थात काही नाही.

सिस्टर_नाईटशिफ्ट
दोरीचं मानलं. आता त्यांचं घ्या.

मुठाकाठची
टेप घेऊन त्यांच्या डोक्याजवळ जायची कुणाची हिंमत नाही घरात.

हजेरीपट
टोपी घालतात का? काळी? ती उलटी करून आतून टेप लावा. कडक टोपी डोक्याच्या मापाचीच असते. माझ्या वडिलांची अशीच घेतली होती, पंचाहत्तरीच्या सत्काराच्या पगडीसाठी.

मुठाकाठची
ते अंघोळीला गेले होते. साडेबावीस इंच.

अण्णा_गॅरेजवाले
म्हणजे ५७. मीडियमपासून सुरू करा, समोर उघडणारं घ्या, चष्मा असेल तर बरं पडतं. पण त्यांनी स्वतः घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुठाकाठची
त्यांना दुकानात न्यायचं कसं, त्यासाठी वेगळा धागा काढते.

तिरकस_पुणेकर
काढा. ऐकू येत नाही म्हणाले तर कानाजवळ पोकळी असलेलं मॉडेल मागा, मला माहितीये कुठे मिळतं. कसं माहितीये ते विचारू नका.